भाकरी परवडते, लस परवडत नाही?

"परवडत नसेल तर कुत्रा पाळूच नका." पुण्या-मुंबईतल्या पेट पॅरेंट मंडळींचं हे आवडतं वाक्य. कुणी बिचाऱ्याने विचारायचा अवकाश, की पगार बेताचा आहे, कुत्रा सांभाळता येईल का? की लगेच हे त्याच्या तोंडावर मारतात. ऐकायला जबाबदार वाटतं. माझ्या मते ते अर्धवट आहे आणि थोडं उर्मटसुद्धा.

परवडायचं म्हणजे नक्की काय, याची यादी मागा. पॅकेटमधलं महागडं खाणं, ग्रूमिंग, डे-केअर, वाढदिवसाचा केक, पावसाळ्यात रेनकोट. यातलं काहीही मिळालं नाही म्हणून कुत्रा मेल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या धंद्यात सांगायचं तर हा सगळा वॉलपेपर झाला. सिक्युरिटी पॅचचं काय? लस कधी दिली होती विचारलं की यातलेच काही जण फाईल शोधायला लागतात.

आता जरा बीडकडे चला. चौसाळा हे बीड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर हायवेवरचं गाव. त्या सगळ्या पट्ट्यात शेतावर, गोठ्यापाशी, मेंढरांमागे कुत्रं असतंच. 'पाळलं' असंही कुणी म्हणत नाही, ते असतं. शेती कोरडवाहू, बीड जिल्ह्यातली लाखो माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतात, मागे म्हातारी माणसं आणि जनावरं. अशा घराला तुम्ही सांगणार की परवडत नसेल तर पाळू नका? अहो, तिथं कुत्रं ही हौस नाही, राखण आहे. रात्री शेळी सांभाळायला काय सीसीटीव्ही बसवायचा?

पण थांबा. गावाकडच्या मंडळींनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. "आमच्या कुत्र्याला कसला आलाय खर्च? शिळी भाकरी टाकली की झालं!" हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा घातक आहे. पहिल्याने माणूस नुसता नाराज होतो, दुसऱ्याने मरू शकतो.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की तो जवळजवळ शंभर टक्के जीव घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ५९ हजार माणसं याने मरतात आणि त्यातले एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू भारतात होतात. माणसाला होणारा रेबीज बहुतेक वेळा कुत्र्यामुळेच होतो, आणि मरणाऱ्यांत लहान मुलं खूप असतात. हे टाळणारी कुत्र्याची लस किती रुपयांची? बाहेरून विकत घेतली तरी काही शे रुपयांची, वर्षातून एकदा. आपला एका वेळचा पिझ्झा तेवढ्याचाच असतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पैसे कमी असतील तर कुत्रा पाळू नका असं नाही, पैसे कमी असतील तर ते कुठे घालायचे हे ठरवा. माझा क्रम असा:

१. रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दर वर्षी. यात काटकसर नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींसाठी नसतो, तिथे कुत्रंही नेता येतं. पिल्लांसाठी पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस याच्या मागोमाग.

२. नसबंदी. एकदाच खर्च. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते आणि पाच-सहा पिल्लं सहज होतात. ती पिल्लं कुठे जातात हे हायवेवरच्या कुठल्याही धाब्यावर उभं राहून बघा. मी अजून लिहीत नाही.

३. जंताचं औषध आणि गोचीड. कान, बोटांच्या फटी रोज हाताने तपासा, त्याला फक्त वेळ लागतो. गोचीडतापाच्या उपचाराचा खर्च मात्र कंबरडं मोडतो. आणि हो, म्हशीवर फवारायचं औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नका.

४. खाणं. कुत्र्याला फक्त मांस पचतं, हा समज जुना झाला. लांडग्याच्या मानाने कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती जास्त असतात, हे २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये आलं आहे. म्हणजे ज्वारीची भाकरी चालते, पण नुसती भाकरी पुरत नाही. बरोबर अंडं, चिकनच्या दुकानातले स्वस्तातले तुकडे उकडून, हाडं काढून. कांदा, लसूण, मनुके, चॉकलेट अजिबात नाही. म्हणजे कालची कांद्याची आमटी भाकरीवर ओतायची नाही! आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनही स्वतःच्या मनाने द्यायची नाही.

५. पाणी आणि सावली. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये हे औषधापेक्षा मोठं आहे, आणि जवळजवळ फुकट.

बस. रेनकोट सहाव्या नंबरलासुद्धा नाही. :)

महाग काय असतं, तर चुकीचा कुत्रा. २००३ च्या सुमाराला हचच्या जाहिरातीने पग घरोघरी नेला. चपट्या नाकामुळे त्याला श्वासाचा त्रास, उन्हाळ्यात तर हाल. आता सायबेरियाचा हस्की बेचाळीस डिग्रीत आणायचा, एसी लावायचा आणि मग जमत नाही म्हणून सोडून द्यायचा. पाळीव प्राणी असा सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! चहा-वडापावचे पैसे. यात "परवडत नाही" कुणाला लागू पडतं, चौसाळ्याच्या शेतकऱ्याला की फ्लॅटवाल्याला?

आता सरकारबद्दल. कुत्रं चावल्यावर माणसाला सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते, आणि ती मिळायलाच हवी. (चावल्यावर आधी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मग त्याच दिवशी दवाखाना. हळद-चुना लावत बसू नका.) पण माणसाला डोस अनेक, कुत्र्याला वर्षाला एक. सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. मग ऊसतोडीच्या टोळ्या गावाबाहेर पडायच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गावोगाव कुत्र्यांच्या मोफत लसीकरणाचा एक दिवस का नको? पोलिओचा डोस घरोघरी नेलेला देश आहे हा. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतोच, भाषणांऐवजी त्या दिवशी सिरिंज आणा.

आपण दत्ताच्या पायाशी चार कुत्री पुजतो, खंडोबाच्या कुत्र्याला नैवेद्य दाखवतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट तर शाळेपासून ऐकतो. तुपाचं राहू द्या, लसीची कुपी घेऊन कुणीतरी धावायला पाहिजे.

आणि शहरातल्या मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी बेताच्या पगाराचा माणूस कुत्र्याबद्दल विचारेल तेव्हा त्याला "पाळू नका" सांगायच्या आधी दोन प्रश्न विचारा. रोज तासभर वेळ आहे का? वर्षाची लस चुकणार नाही ना? उत्तर हो असेल तर त्याला कुत्रा परवडतो. आणि हेच दोन प्रश्न एकदा स्वतःलाही विचारून बघा.