सुई कोणी टोचायची?

मंडळी, या विकांताला विषय जरा जड आहे. पण अमेरिकेत लहान पोरं घेऊन राहणाऱ्या आपल्या दोस्तमंडळींच्या थेट घरातला आहे.

समजा, मंडळाचा गणपती आहे. पॉटलकमध्ये चार वर्षांच्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा काजूकतली खाल्ली. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, छातीत घरघर सुरू. ९११ ला फोन गेला, गाडी आली, ईएमटी उतरला. आता पोराला एपिनेफ्रिन मिळणार का? ते कुठल्या राज्यात, कुठल्या काउंटीत राहता त्यावर! कप्पाळ!!

इथे ईएमटी आणि पॅरामेडिक या वेगळ्या पायऱ्या आहेत. ईएमटीचं शिक्षण साधारण दीडशे तासांचं, पॅरामेडिकचं हजाराच्या वर. १९९४ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ईएमटीला मुभा होती ती पेशंटकडे डॉक्टरने लिहून दिलेलं स्वतःचं पेन असेल तर ते द्यायला मदत करण्याची. म्हणजे ॲलर्जी आधीच माहीत असलेल्यांची सोय झाली. ज्याला आजच पहिल्यांदा कळतंय, त्याने पॅरामेडिकची वाट बघायची. पुढे बहुतेक राज्यांनी गाडीतलं पेन वापरायची परवानगी दिली खरी, पण साध्या सिरिंजने औषध भरून टोचायची मुभा अजूनही सगळीकडे नाही.

आणि खरी मेख इथेच आहे. २००७ साली मायलनने एपिपेन ताब्यात घेतलं तेव्हा दोन पेनांची किंमत शंभर डॉलरच्या आसपास होती. २०१६ पर्यंत ती सहाशेवर गेली. गाडीत मोठ्यांचं वेगळं, लहानांचं वेगळं हवं, आणि वर्ष-दीड वर्षात मुदत संपली की न वापरता फेकायचं. स्वयंसेवकांच्या जिवावर चालणाऱ्या खेड्यातल्या फायर डिपार्टमेंटने हे कुठून आणायचं? त्याच औषधाची कुपी काही डॉलरला मिळते. पण ती वापरायची परवानगी नाही. म्हणजे अधिकार कागदावर, गाडी रिकामी.

वेळेचं गणितही बघा. ॲनाफिलॅक्सिसने ब्रिटनमध्ये झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. श्वास किंवा हृदय बंद पडायला अन्नाच्या ॲलर्जीत मध्यमान तीस मिनिटं लागली, कीटकदंशात पंधरा. त्यातून फोन, रस्ता, जिना वजा करा. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन पडलंय, ऑन-कॉल पोरगा समोर बसलाय, काय करायचं ते त्याला माहीत आहे, पण परमिशन एल-थ्रीकडे आणि एल-थ्री ट्रॅफिकमध्ये!

"डोस चुकला तर? हृदयरोगी म्हातारा निघाला तर?" हा आक्षेप अगदीच फालतू नाही. सिरिंजमध्ये चूक होऊ शकते, आणि हेच औषध चुकून पूर्ण डोसने शिरेत गेलं तर जिवावर बेतू शकतं. पण त्यावर उपाय प्रशिक्षणाचा आहे, बंदीचा नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीने, म्हणजे आपल्या सिॲटल-बेलव्ह्यूवाल्यांच्या काउंटीने, दहाएक वर्षांपूर्वीच महागडी पेनं बाजूला ठेवून ईएमटींना चेकलिस्ट, कुपी आणि सिरिंज दिली. मोठ्यांना ०.३ मिलिग्रॅम, लहानांना ०.१५, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. बास. नंतर न्यूयॉर्क राज्यानेही हाच रस्ता धरला. या मात्रेने मांडीत दिलेल्या इंजेक्शनमुळे होते ती बहुधा थोडा वेळ धडधड आणि थरथर. न दिल्याने काय होतं ते वर लिहिलंच आहे.

कधी कधी सगळ्यात आधी पोहोचतो तो पोलीस. इलिनॉयने २०१६ च्या कायद्याने प्रशिक्षित पोलिसांनाही हे औषध बाळगायची मुभा दिली. त्यात सक्ती नाही, हे मला पटत नाही. असो.

ऑगस्ट २०२४ मध्ये एफडीएने नाकात मारायचा एपिनेफ्रिनचा स्प्रे मंजूर केला. सुईच नाही! आता विरोधक काय कारण काढतात ते बघायचंय.

तोवर एक करा. गावातल्या फायर स्टेशनला फोन लावा (९११ नव्हे हो, त्यांचा साधा नंबर!) आणि विचारा: पहिल्या गाडीत एपिनेफ्रिन असतं का, आणि त्या गाडीतल्या कोणाला ते टोचता येतं?