दातच तर आहे!

"दातच दुखतोय ना? मग एवढं काय त्यात!"

मराठी घरांत हे वाक्य इतक्या सहजपणे बोललं जातं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही. माझं म्हणणं असं की आपल्या बोलण्यातली जी काही वाक्यं माणसाचं खरोखर नुकसान करतात, त्यांत याचा नंबर बराच वरचा आहे. छातीत कळ आली तर रिक्षा बोलावतात, पोटात दुखलं तर शेजारी धावतात. आणि दाढेच्या ठणक्याने माणूस रात्रभर भिंतीला डोकं टेकून बसला तर त्याला सांगतात, "लवंग धर आणि झोप."

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलांच्या रजेच्या चिठ्ठ्या वाचायचं काम वर्गशिक्षिकेचं. ताप, पोटदुखी, पाहुण्यांकडचं लग्न, अशी ठरलेली कारणं. दातदुखीची चिठ्ठी मला क्वचितच आली. मुलांचे दात दुखत नव्हते असं थोडंच आहे! गाल सुजलेलं मूल मागच्या बाकावर मुकाट बसलेलं मी कितीदा पाहिलंय. चिठ्ठीत मात्र "पोटात दुखत असल्यामुळे" असंच. दाताचं कारण शाळेला पटणार नाही, हे आईबापांना पक्कं ठाऊक. स्टाफरूममध्येही तीच तऱ्हा. "कणकण वाटतेय" म्हटलं की तासाला बदली शिक्षक मिळे. "दाढ ठणकतेय" म्हटलं की हशा पिकायचा आणि कुणीतरी अक्कलदाढेवर विनोद करायचं.

आता थोडं शरीराचं बोलू. दाताच्या आत मगज असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. बोटाला मार लागला तर बोट सुजतं, सुजेला पसरायला जागा असते. दाताच्या मगजाभोवती मात्र चारही बाजूंनी टणक भिंत. आत सूज आली की तिला जायला वाटच नाही, सगळा दाब नसेवर. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून हे दुखणं रात्री जास्त छळतं. तेव्हा "रात्रीच बरं दुखतं तुझं" असं कुणी म्हणालं तर त्याला हे समजावून सांगा. ते नाटक नसतं.

गेल्या श्रावणात मला हा अनुभव आला. वरच्या डाव्या बाजूला, जेवताना, एकाएकी वीज चमकावी तशी कळ. मग दोन दिवस काही नाही. मग पुन्हा. दात किडलेला नाही, हलत नाही, हिरडी सुजलेली नाही. एक्स-रे काढला, तोही स्वच्छ. झालं! घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझा सोडून. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, एक्स-रे क्लिअर आहे ना, मग टेन्शन घेऊ नकोस." आमचे हे म्हणाले, "वयच झालंय आता, काहीतरी कुरकुर चालायचीच." एका दवाखान्यात तर सांगितलं, नक्की कोणता दात ते कळत नाही, तेव्हा ओळीने तीन दातांचं रूट कॅनॉल करून टाकू. "करून टाकू" हे शब्द ऐकून मी पर्स उचलली.

दुसऱ्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने आधी दहा मिनिटं नुसतं विचारलं. कळ चावताना येते की सोडताना? गारने की गरमने? किती वेळ टिकते? खाली वाकल्यावर वाढते का? मग एक छोटी प्लॅस्टिकची काडी दाढेच्या एकेका टोकावर ठेवून चावायला लावलं. तिसऱ्या टोकावर, चावून सोडताना, कळ आली ती थेट कानापर्यंत. दाढेला बारीक तडा गेला होता. असे तडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाहीत, आणि चावून सोडताना येणारी कळ ही त्यांची खूण, असं तिने सांगितलं.

यातून मला जे म्हणायचंय ते असं. कारण सापडलं नाही याचा अर्थ कारण नाही असा होत नाही. गणित सुटलं नाही म्हणून उत्तरच नाही असं आपण मुलांना सांगतो का? एक्स-रे ही एक तपासणी आहे, अंतिम निकाल नव्हे. दातात जाणवणारं दुखणं दातातच असेल असंही नाही. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या पोकळीला अगदी लागून असतात. सर्दीने ती भरली की तीन-चार दाढा एकदम दुखतात आणि वाकलं की जास्त. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांचा जबडा सकाळी आंबलेला असतो. चेहऱ्याच्या नसेचा एक आजार आहे, त्यात तोंड धुताना किंवा नुसता वारा लागला तरी विजेचा झटका बसावा तशी क्षणभर कळ येते. दात समजून चांगले दात उपटून घेतलेले आणि तरी कळ तशीच राहिलेले लोक यात सापडतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, खालच्या जबड्यात, विशेषतः डाव्या बाजूला, चालताना किंवा जिना चढताना दुखत असेल आणि थांबलं की राहत असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. सोबत घाम, धाप, छातीवर ओझं असेल तर दंतवैद्याची वेळ घेत बसू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा. "दातच तर आहे" हे वाक्य तिथे जिवावर बेतू शकतं.

आणखी एक फसवणूक आहे. चार दिवस ठणकणारा दात पाचव्या दिवशी आपोआप शांत होतो. घरात आनंद! "बघ, मी म्हटलं नव्हतं?" अहो, तो बरा झालेला नसतो. बऱ्याचदा आतली नस मेलेली असते, म्हणून हाक देणारंच कुणी उरलेलं नसतं. संसर्ग मात्र मुळाच्या टोकाकडे आपलं काम करत राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी गाल फुगवून परत येतो. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर ती तातडीची वेळ असते. अशा वेळी उद्यावर टाकू नये.

घरगुती उपायांवर माझा राग नाही. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं, ते दंतवैद्य स्वतःही वापरत आलेत. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो. पण हे डॉक्टरकडे जाईपर्यंतचे उपाय. वेदनाशामक गोळी हिरडीत दाबून ठेवल्याने तिथली त्वचा भाजते. आणि मेडिकलवाल्याला "दाताची द्या दोन" म्हणून आणलेल्या अँटिबायोटिकने मगजाची सूज उतरत नाही. उगाच औषधाची धार मात्र बोथट होते. मशेरीचं तर बोलायलाच नको. आमच्या भागात "दातदुखीवर उतारा" म्हणून बायकांना ती पहिल्यांदा दिली जाते आणि मग जन्मभर सुटत नाही. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोण बंदी घालणार?

आता तुमचे आक्षेप. मला ते पाठ आहेत.

पहिला : "पूर्वीच्या लोकांचे दात कसे दणकट होते, राखुंडीने घासायचे!" मंडळी, माझ्या लहानपणी पन्नाशीत बोळकं झालेली माणसं गल्लोगल्ली होती. भाकरी दुधात कुस्करून आणि सुपारी खलबत्त्यात कुटून खाणारी ती म्हातारी माणसं विसरलात का? बत्तीस दात घेऊन गेलेला एक आजोबा आठवतो, बाकीचे आठवत नाहीत, एवढंच.

दुसरा : "वरचा दात काढला की नजर जाते." वरच्या दाताची नस वेगळी, डोळ्याने पाहण्याची नस वेगळी. दात काढण्याचं वय आणि मोतीबिंदूचं वय एकच, म्हणून ही समजूत टिकलीय.

तिसरा : "दंतवैद्य लुटतात." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. तीन रूट कॅनॉल "करून टाकायला" निघालेला दवाखाना मीही पाहिलाय. पण लुटीवर उपाय घरी बसणं हा नाही, प्रश्न विचारणं हा आहे. कोणता दात? कशावरून? आज नाही केलं तर काय होईल? दुसरा मार्ग आहे का? खर्च किती, आणि तो लिहून द्याल का? जो डॉक्टर या प्रश्नांनी चिडतो त्याच्याकडून उठावं. आणि आपणही आपली औषधं सांगावीत. रक्त पातळ करणारी गोळी, हाडांची औषधं, मधुमेह, काही लपवू नये, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना खतपाणी घालतात.

पण सगळा दोष घराचा नाही. "दातच तर आहे" हे वाक्य सरकार आणि विमा कंपन्याही बोलतात, फक्त जरा छापील भाषेत. माझ्या दाढेचं रूट कॅनॉल आणि कॅप मिळून साडेअकरा हजार झाले. पेन्शनीतून गेले. विमा कंपनीचं म्हणणं, हा बाह्यरुग्ण उपचार, पॉलिसीत बसत नाही. अपघाताने दात तुटून दवाखान्यात दाखल व्हावं लागलं असतं तर विचार केला असता. म्हणजे पोळी चावताना दाढ तडकली ही माझी चूक, जिन्यावरून गडगडायला हवं होतं! मोतीबिंदू काढून माणूस त्याच दिवशी घरी येतो, त्याचे पैसे मिळतात, कारण ती "डे केअर" शस्त्रक्रिया. मग मला पाहायला डोळा लागतो आणि खायला दात लागत नाहीत का? ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना आयुष्मान भारतखाली पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळू लागलं. चांगलंच झालं. पण त्यातही बाह्यरुग्ण उपचार नाहीत, म्हणजे आमच्या वयात ज्याची रोज गरज पडते ते दाताचं खुर्चीतलं काम बहुतेक बाहेरच.

हा पंक्तिप्रपंच जगभर आहे. अमेरिकेत 1965 मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आलं, त्यात नेहमीची दातांची सेवा धरलीच नाही. इंग्लंडमध्ये 1948 साली आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा कवळीसुद्धा मोफत होती. लोकांची अक्षरशः रांग लागली. 1951 मध्ये कवळी आणि चष्म्यावर पैसे आकारायचं ठरलं, तेव्हा ती सेवा उभारणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस! आपल्याकडे कवळीचा विषय निघाला की विनोदच सुचतात.

गंमत बघा, ज्या शास्त्राला आपण दुय्यम मानतो त्याचं ऋण केवढं आहे. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने 1844 मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. विल्यम मॉर्टन हाही दंतवैद्य. त्याने 1846 मध्ये बॉस्टनमध्ये ईथरची भूल देऊन शस्त्रक्रियेचं जाहीर प्रात्यक्षिक घडवलं. आज हृदयाचं ऑपरेशन वेदनेशिवाय होतं, त्यामागे दातदुखी गांभीर्याने घेणारी ही माणसं आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 350 कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत. आपल्याकडे 2013 पासून बालस्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचे दात तपासतात, 2014 पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही आहे. कागद आहेत. पण किडका दात कागदावर लिहिला गेल्यावर मूल त्या खुर्चीपर्यंत पोहोचतं का, हा खरा प्रश्न. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे येणारी दाढ कायमची असते, हे आजही कित्येक पालकांना माहीत नाही. "पडेल आणि नवा येईल" म्हणून ती किडू देतात. नवा येत नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य असावा आणि त्याची खुर्ची चालू असावी. विम्यात मोतीबिंदूच्या शेजारी रूट कॅनॉल आणि कवळीला जागा मिळावी. शाळेत तपासणी झाली की उपचाराची तारीखही त्याच चिठ्ठीवर लिहावी. आणि घरात कुणी गाल धरून बसलं, तर त्याला लवंग जरूर द्यावी, पण दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोनही लावावा.

"दातच तर आहे" म्हणायचंच असेल तर ते त्याने म्हणावं, ज्याचा दात दुखतोय. बाकीच्यांना तो अधिकार नाही.