तुटलं कुणाचं, जोडायचं कुणाचं

पौर्णिमेला आम्ही शिरूरकडची पाच-सहा माणसं दौंडच्या एका विहारात गेलो होतो. बरोबर आक्का. आता त्यांना आर्याजी म्हणायचं, पण आमच्या तोंडात अजून आक्काच. नवरा गेला, पोरं मार्गी लागली, आणि बाईनं डोकं भादरून चीवर घातलं. त्याला सात वर्षं झाली. दहा शीलं पाळतात. पाली वाचतात, आमच्यातल्या एकालाही येत नाही एवढी. पण सात वर्षं श्रामणेरीच. उपसंपदा द्यायला कुणी तयार नाही.

भोजनदान झालं. भन्तेंना वर आसन. आक्का खाली, बायांच्या पंगतीत, सतरंजीच्या टोकाला. मी धीर करून विचारलं, "भन्ते, आक्कांना उपसंपदा कधी?" भन्ते म्हणाले, "भिक्खुणींची परंपरा तुटली. आता थेरवादात देता येत नाही." मंडळाच्या अध्यक्षांनी वर फोडणी घातली, "बाया संघात आल्या की धम्माचं आयुष्य निम्मं होतं, ग्रंथातच आहे." चार माणसं हसली. आक्का खाली मान घालून ताट उचलत होत्या.

मी गप बसलो. तिथं तोंड उघडलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

परंपरा तुटली. बरं, तुटली. भिक्खूंची नव्हती तुटली? या देशात शेकडो वर्षं चीवर औषधाला मिळत नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती कुणाकडून? भदन्त चंद्रमणींकडून. ते ब्रह्मदेशातले, कुशिनारात येऊन राहिलेले. म्हणजे उसनंच आणलं ना? आणि दुसऱ्या क्षणी बाबासाहेबांनी वळून समोरच्या लाखोंना स्वतः दीक्षा दिली. अंगावर चीवर नाही, काही नाही. तेव्हा कुणी विनयाचं पुस्तक उघडलं नाही. आज आपण त्यावरच बौद्ध आहोत, भन्तेंचं आसनही त्यावरच आहे.

ज्या लंकेच्या थेरवादाचा एवढा दाखला, तिथं तरी काय झालं? अठराव्या शतकात उपसंपदा द्यायला पुरेसे भिक्खूच उरले नव्हते. १७५३ साली सयामहून उपाली थेर आले आणि तुटलेलं जोडलं. पुरुषांचं तुटलं की दर्यापार बोटी धाडायच्या. बायांचं तुटलं की हात झटकायचे. वा रे परंपरा.

बायांचं तर सगळं तुटलेलंही नाही. अशोकाची लेक संघमित्रा इथनं भिक्खुणीसंघ लंकेत घेऊन गेली. पाचव्या शतकात लंकेच्या भिक्खुणी चीनमध्ये गेल्या, ४३३ च्या सुमारास नानकिंगला त्यांच्या हजेरीत तीनशेच्या वर बायांची उपसंपदा झाली. ते पीक तिकडं आजवर उभं आहे. आपण उसनं दिलेलं बियाणं परत आणायचं तर आता आपणच विचारतो, हे बी कुठल्या जातीचं! जात गेली नाही बघा डोक्यातनं.

भन्ते म्हणाले, देता येत नाही. फेब्रुवारी १९९८ ला बोधगयेत तैवानच्या फो गुआंग शान विहारानं उपसंपदेचा मोठा विधी केला. लंकेच्या बाया आल्या, तशा आपल्या महाराष्ट्रातल्याही होत्या. लंकेच्या बायांना पुढं सारनाथला थेरवादी भिक्खूंनी आपल्या पद्धतीनं पुन्हा उपसंपदा दिली. त्याच मार्चमध्ये लंकेत दंबुल्लाला इनामलुवे सुमंगल थेरांनी विधी सुरू केले. २००९ साली ऑस्ट्रेलियात पर्थजवळ अजान ब्रह्म यांनी चार भिक्खुणींच्या उपसंपदेला साथ दिली. थायलंडमधल्या त्यांच्याच गुरुपरंपरेनं त्यांना बाहेर काढलं. गडी मागं हटला नाही. भूतानची परंपरा वेगळी, पण तिथंही २०२२ साली मुख्य धर्मगुरूंनी १४४ बायांना पूर्ण दीक्षा दिली. आनंदानं महापजापती गोतमीसाठी रदबदली केली आणि पुढं राजगृहाच्या संगीतीत त्याबद्दल बोलणी खाल्ली. बायांची बाजू घेणाऱ्या भिक्खूला तेव्हापासून हेच बक्षीस आहे.

विनयाचं म्हणाल तर, भिक्खूंनी भिक्खुणींना उपसंपदा द्यावी ही परवानगी चुल्लवग्गात आहे. दोन्ही संघांचा नियम मागनं आला, पण पहिली परवानगी काढून घेतल्याचं कुठं नाही. हे मी नाही, १९४९ साली ब्रह्मदेशच्या जेतवन सयाडोंनी लिहिलंय.

आणि अध्यक्षसाहेब, त्या निम्म्या आयुष्याचं. ग्रंथात हजार वर्षांचे पाचशे होतील असं आहे. १९५६ साली जगानं धम्माचं अडीच हजारावं वर्ष साजरं केलं. भाकीत फसून दोन हजार वर्षं झाली, तुम्ही अजून तेच सांगताय. बायांना कमी लेखणारी असली वाक्यं भिक्खूंनी मागाहून घुसडली, असं बाबासाहेबांनी १९५१ साली 'महाबोधि'च्या अंकात लिहून ठेवलंय. फोटोला हार घालता, तसं हेही वाचा.

पण खरं दुखणं विधीचं नाही. उद्या आक्कांना उपसंपदा मिळाली तर त्यांनी राहायचं कुठं? आधी दोन वर्षं शिक्खमाना म्हणून शिकायचं, शिकवायला जाणती भिक्खुणी पाहिजे. भिक्खुणीनं एकटीनं राहू नये, हिंडू नये असा नियम. म्हणजे निदान दोघी. दोघींना आतनं कडी लागणारी खोली, पाणी, संडास. शिरूर-दौंड पट्ट्यात वस्तीवस्तीत विहार बांधलेत. त्यातल्या किती विहारांत हे आहे? चौदा एप्रिलच्या डीजेला वर्गणी कमी पडत नाही. वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ऐकायला कोण बसतं? बायाच. खीर त्यांची, झाडलोट त्यांची. एक जानेवारीला कोरेगाव भीमाला, आपल्याच तालुक्यात, कडेवर पोर घेऊन येतात त्याही बायाच. त्यांच्यातली एक चीवर घालते तेव्हा आपल्या पोटात दुखतं.

जुन्नर काय लांब आहे? तिथल्या लेण्यातल्या लेखात गावातल्या भिक्खुणींच्या उपाश्रयाचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांमागं या जिल्ह्यात बायांना हक्काचं घर होतं.

येत्या पौर्णिमेला आम्ही परत येतोय. आक्कांचं आसन भन्तेंच्या ओळीत मांडणार. उठवायचं असेल तर तुम्ही उठवा, सगळ्या बायांच्या देखत. विहाराच्या मागं एक पक्की खोली आहे. तिच्यात मांडवाचे बांबू आणि फुटके कर्णे पडलेत. किल्ली अध्यक्षांच्या खिशात आहे.