पाऊच कुठल्या दिशेने ओढता?

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिका कापली जाते, तेव्हा सर्जनचा हात बहुधा नीटच चाललेला असतो. फसतो तो डोळा. फंडस उजव्या खांद्याकडे ढकलणे ठीक. पण हार्टमनचा पाऊचही त्याच दिशेने वर गेला, की सिस्टिक डक्ट आणि मुख्य नलिका एका रेषेत येतात आणि पडद्यावर एकच सरळ नळी दिसते. पाऊच बाहेर व खाली ओढा, दोन्हींमधला कोन पुन्हा उघडतो. पुस्तकातली आकृती न ओढलेल्या पोटाची असते, हे आपण टेबलापाशी विसरतो.

कॅलोने १८९१च्या सुमारास प्रबंधात वर्णिलेल्या त्रिकोणाची वरची बाजू सिस्टिक धमनी होती. आज आपण तिथे यकृताचा खालचा पृष्ठभाग धरतो, नाव मात्र त्याचेच घेतो. (हा गृहस्थ पुढे हाडांचा सर्जन म्हणून नावाजला!) सुजेने त्रिकोण आक्रसला की त्याच्या बाजू शोधत बसू नये. यकृताखालची रूव्हिएरची खाच पाहावी. ती बहुतेकांत सापडते, आणि तिच्या वरच्या अंगाला राहिले तर मुख्य नलिका खाली सुखरूप राहते. त्रिकोणातली चरबी साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच रचना: स्ट्रासबर्ग यांच्या १९९५च्या या अटी पुऱ्या झाल्याशिवाय क्लिप लावू नये. होत नसतील तर सबटोटल करून बाहेर यावे. त्यात कमीपणा कसला?

विन्स्लोच्या छिद्रात बोट घालून चाचपलेली त्रयी, म्हणजे उजवीकडे नलिका, डावीकडे धमनी, मागे पोर्टल शीर, कॅमेऱ्याने शिकता येत नाही. त्यासाठी देह लागतो. बैलहोंगलच्या डॉ. बसवण्णेप्पा रामण्णवर यांनी तो दिला, आणि २०१० मध्ये त्यांचे चिरंजीव, शरीररचनेचे अध्यापक डॉ. महांतेश, यांनी बेळगावात विद्यार्थ्यांसमोर वडिलांच्या देहाचे विच्छेदन केले. असे देह पहिल्या वर्षाच्या परीक्षेपुरते वापरणे आम्हाला पटत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला पहिले पित्ताशय हाती देण्याआधी विच्छेदनगृहात परत पाठवावे.

निपाणी, चिकोडी, संकेश्वरात एकट्याने टेबल सांभाळणाऱ्यांना वेगळे सांगणे आहे. नलिकेला इजा झाली आणि जोडणीचा सराव नसेल, तर टाके घालायला जाऊ नका. ड्रेन ठेवा, काय दिसले आणि काय कापले गेले त्याचे चित्र काढून केसपेपरला जोडा, आणि बेळगाव किंवा कोल्हापूरच्या सर्जनला फोन रुग्ण टेबलावर असतानाच करा.