पट्टीने मोजलेले अंतर

आपल्या शिरूर-दौंड भागातल्या कितीतरी घरांतली मुले फौजेत आहेत. सुट्टीवर निघाल्याचा फोन आला की घरची मंडळी बोटे मोजू लागतात. "लेह ते श्रीनगर विमानाने पाऊण-एक तास, मग दोन दिवसांत पोरगा दारात का नाही?" असे आम्हाला पुष्कळदा विचारले जाते. आम्ही पडलो कारकून. हिशेब मांडल्याशिवाय उत्तर सुचत नाही.

लेह आणि श्रीनगर या दोन विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे २५६ किलोमीटर. शिरूरहून दौंडही नकाशावर पट्टी ठेवली तर पंचेचाळीसच्या आसपास भरते. पण एस.टी. काही पट्टीवरून धावत नाही, भीमेवर पूल असेल तिकडे वळते. तिकडचा रस्ताही असाच वळसे घेत चारशे किलोमीटरच्या वर जातो. मध्ये साडेअकरा हजार फुटांवर जोजिला खिंड. बहुतेक प्रवासी कारगिलला मुक्काम करतात, म्हणजे दोन दिवस गेले. हिवाळ्यात बर्फाने खिंड बंद झाली की ही वाटही राहत नाही.

विमान ताशी ८०० किलोमीटरने उडते म्हणावे, तर २५६ किलोमीटरला वीस मिनिटेही लागू नयेत. लागतो पाऊण तास, कधी अधिक. धावपट्टीपर्यंत जाणे, डोंगरावर चढणे, उतरणे यातच निम्मा वेळ जातो. शिवाय लेहचा विमानतळ साडेदहा हजार फुटांवर, चहूकडे डोंगर. विमान एका बाजूने उतरते आणि त्याच बाजूने परत उडते. दुपारी वारा सुटतो, हवा तापून आणखी विरळ होते, म्हणून बहुतेक विमाने सकाळीच. सकाळ ढगात गेली तर तो दिवस गेला.

याच लेहला २४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी पहिले डाकोटा विमान उतरवले. आज विमानतळाला नाव आहे ते कुशोक बकुला रिंपोछे यांचे. हे बौद्ध भिक्खू लोकसभेत होते आणि पुढे मंगोलियात भारताचे राजदूत. विमानतळाला भिक्खूचे नाव, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे.

परतीचा हिशेब वेगळाच. खालून एकदम वर गेलेल्या जवानाला फौज आधी सहा दिवस हवेची सवय करू देते. हे दिवस घरचे कोणी धरतच नाही.

म्हणून मंगल परिणयाची तारीख काढताना अलीकडे-पलीकडे चार दिवस मोकळे ठेवा. आणि घरात कोणी अत्यवस्थ असेल तर "निघालास का?" एवढ्यावर थांबू नका. "विमानात बसलास का?" हे विचारा. माती किती वेळ थांबवायची, हे त्या उत्तरावर ठरते.