मोटारीखालची चाळिशी

हात पोचेल तिथे डोळा पोचत नाही आणि डोळा पोचेल तिथे हात पोचत नाही, अशी एक जागा आमच्या मोटारीच्या पोटाखाली आहे. तिथे एक बोल्ट आहे. इंजिनातले जुने तेल सोडायचे ते त्यातून. दर पावसाळ्यानंतर मी तो बोल्ट सोडतो आणि आवळतो. आमची ओळख वीस वर्षांची. पण तीन वर्षांपूर्वी एका रविवारी पाठीखाली गोणपाट घालून मी मोटारीखाली सरकलो, वर पाहिले, आणि बोल्टाच्या जागी मला एक काळसर, कडा विरघळलेला गोळा दिसला. मान थोडी मागे नेली तर तो स्पष्ट होईल असे वाटले. पण मानेच्या मागे भोरची जमीन होती.

आपल्या भाषेने या दुखण्याला मोठे समर्पक नाव ठेवले आहे. चाळिशी! वयाचेही नाव तेच, दुखण्याचेही तेच आणि नाकावर चढणाऱ्या चष्म्याचेही तेच. पुष्कळांची समजूत अशी, की हे दुखणे वाचणाऱ्याला होते. तसे काही नाही. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होत जाते आणि जवळच्या वस्तूसाठी हवे तेवढे फुगत नाही, इतकाच प्रकार. ते पुस्तक वाचणाऱ्याचेही होते आणि म्हशी राखणाऱ्याचेही होते. फरक एवढाच, की म्हैस जरा लांबूनही दिसते.

या सदराच्या वाचकांना आमची मोटार ऐकून ठाऊक आहे. मारुती ८००, १९९७ सालची. या जातीची पहिली मोटार डिसेंबर १९८३ मध्ये गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडर, ७९६ सी.सी., आणि आमच्या गाडीला अजून कार्ब्युरेटर. पुढच्या गाड्यांत त्याची जागा पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेने आणि तिच्यावर हुकमत चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डोक्याने घेतली. हल्लीच्या मोटारीचे बॉनेट उघडावे तर प्लॅस्टिकचे एक गुळगुळीत झाकण तेवढे दिसते. दार लोटून घेतलेल्या घरासारखे. आमचे बॉनेट उघडले की सगळा संसार समोर मांडलेला असतो.

ही मोटार अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बँकेतून निवृत्त होताना घेतली. तिचे सगळे काम ते स्वतः करीत आणि मी बॅटरी धरून उजेड दाखवीत असे. माझे शिक्षण असे उजेड दाखवता दाखवता झाले. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधी शिरायचे नाही. चाकाला दगड लावल्यावाचून जॅक चढवायचा नाही. आणि कोणताही बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा, पाना मागाहून. ‘बोटांना आटे कळतात, पान्याला कळत नाहीत,’ असे ते सांगत. मधूनमधून मात्र ओरडत. ‘अरे, उजेड कुठे धरलायस? नटावर पाड, माझ्या तोंडावर नको!’ मी तेव्हा विशीचा. उजेड नटावरच पडलेला असायचा, आणि मला तो नट लख्ख दिसायचा. निवृत्तीनंतर माणूस चिडखोर होतो, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

पुढे मी कॉलेजात लागलो तो तासिका तत्त्वावर. ज्यांना हे तत्त्व ठाऊक नाही त्यांना नमस्कार, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नकोच. तेव्हा मोटारीची कामे गॅरेजात नेणे परवडण्यासारखे नव्हतेच. पगार सुधारला तरी मी ती सोडली नाहीत, याचे कारण निराळे आहे. वर्गात मी संतकाव्य शिकवतो. ते पोरांना कळले की नाही हे मला कधीच नक्की कळत नाही. परीक्षेच्या पेपरावरून तर नाहीच नाही. प्लगचे तसे नसते. तो ठिणगी टाकतो, किंवा टाकत नाही. आठवड्याला एक तरी अशी निःसंदिग्ध गोष्ट हाताखालून जावी, एवढीच माझी हौस.

बोल्टाचा गोळा झालेला पाहिल्यावर मी चष्मा केला. दोन नंबरांचा; वरच्या भागातून फळा, खालच्या भागातून पुस्तक. तो लावून मोठ्या ऐटीत मोटारीखाली शिरलो, आणि लक्षात आले की चष्मा करणाऱ्याने माणूस खुर्चीत बसलेला धरला आहे! पुस्तक आपण छातीशी धरतो म्हणून जवळचे भिंग खाली. मोटारीखाली उताणे पडलेल्या माणसाचे जवळचे जग मात्र कपाळाच्या वर असते. बोल्टाकडे पाहावे तर फळ्याचे भिंग आडवे येते, आणि पुस्तकाच्या भिंगातून पाहावे तर आपलाच शर्ट अतिशय स्पष्ट दिसतो. चष्म्याच्या दुकानात हे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा समजले की जवळचे भिंग वरही बसवलेला चष्मा मिळतो. डोक्यावरची कामे करणारे लोक तो वापरतात. मी मात्र त्याऐवजी नुसत्या जवळच्या नंबराचा एक साधा, स्वस्त चष्मा घेतला आणि तो पान्यांच्या पेटीत ठेवून दिला. कपाळाला बांधायची बॅटरीही घेतली. आता चाळिशीचा बंदोबस्त झाला, अशा समजुतीत दोन पावसाळे गेले.

मग गेल्या दिवाळीतला पाडवा आला.

ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते. कोरडे असताना साधारण दर्जाचे तेल दोनशे पाच अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हा आकडा एकशे चाळिसापर्यंत खाली येतो. आणि घाटात सारखा ब्रेक दाबून तेल उकळले, तर त्याची वाफ होऊन पेडलाखाली जोर उरत नाही. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना इथली हवा किती कोरडी असते हे सांगायला नको. म्हणून दर दुसऱ्या वर्षी मी ते तेल बदलतो. ते बदलले की नळ्यांतली हवा काढावी लागते. त्याला दोन माणसे लागतात. पाडव्याच्या दुपारी माझी पत्नी पेडल दाबायला बसली आणि मी एकेका चाकामागचा बारीक स्क्रू सोडून हवा काढू लागलो. सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, कारण ते सगळ्यांत लांबचे. चारी चाके झाली तरी पेडल मऊच लागत होते. म्हणून पुन्हा पहिल्या चाकाकडे गेलो. तोवर अंधार पडला होता.

“अहो, उरलेलं उद्या सकाळी उजेडात करा ना,” ती म्हणाली.

सकाळी निघायचे होते. भाऊबीज होती, आणि आईला तिच्या भावाकडे, सिंहगड रोडला न्यायचे होते. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता, म्हणून मी तो काढून गोणपाटावर ठेवला. कपाळावरच्या बॅटरीचा उजेड मंद झाला होता. स्क्रूची जागा माझ्या हाताला पाठ होती. पाना फिरवला. तो अडला. अडला म्हणजे आवळला गेला. ओवाळणीला उशीर झाला म्हणून आई आतून हाका मारीत होती.

सकाळी आई, पत्नी, मुलगी आणि मी निघालो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईला वाटेत वेल्ह्याच्या मेंगाईचे दर्शन घ्यायचे होते. (तालुक्याचे नाव आता सरकारदरबारी राजगड झाले आहे; आईच्या लेखी ते वेल्हेच.) कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी. दोन्ही बाजूंना भात पिवळे होऊन झुकलेले, कुठे कापणी चाललेली, आणि समोर तोरणा. त्या वासासाठी तरी भातकापणीच्या दिवसांत माणसाने इकडे एकदा यावे. दर्शन झाले. तिथून पाबे घाटाने खाली खानापूरकडे उतरायचे आणि सिंहगड रोडला लागायचे, असा बेत.

उताराच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा निम्म्याने खाली गेले.

ब्रेक लागला, पण अर्धामुर्धा. मी पुन्हा दाबला; आणखी खाली गेले. दुसरा गिअर, मग पहिला. इंजिन जोराने ओरडले. हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला, गवतात, घासत नेऊन थांबवली. हे सगळे होण्यास फार तर अर्धा मिनिट लागला असेल. मोटारीच्या ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे भाग केलेले असतात, एक गळाला तरी दुसरा राहावा म्हणून. ज्या कोणाला हे प्रथम सुचले, त्याच्यामुळे हा लेख लिहायला मी आहे. मागच्या सीटवर मुलगी पेंगत होती. आईने विचारले, “आलं का रे?”

मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू तेलाने ओली होती. लख्ख उजेडात, नाकावर चष्मा ठेवून पाहिले. स्क्रू आवळलेलाच नव्हता. रात्री पाना अडला तो शेजारच्या पट्टीला टेकून. स्क्रूला अजून पाव फेरा हवा होता. मी तो दिला. पण आता नळीत हवा गेली होती, आणि घाटात माझ्या एकट्याच्या भरवशावर पुन्हा हे काम करायला माझे मन धजेना. वेल्ह्याकडून आलेल्या एका जीपवाल्याने आईला आणि मुलीला पुढे नेले आणि पायथ्याच्या गॅरेजात निरोप दिला.

तासाभराने मिस्त्री मोटारसायकलवरून आले. मागे पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. मिस्त्री साठीच्या पुढचे. पत्नी पुन्हा पेडलावर बसली. मिस्त्रींनी हवा काढली, स्क्रू आवळला, आणि मग उठून बाजूला झाले.

“बघ रं,” ते पोराला म्हणाले. पोरगा खाली वाकला, पाना लावून पाहिला, म्हणाला, “घट हाय.”

मी म्हटले, “तुम्ही तर आताच आवळला की.”

“आवळला ना. पर दिसतंय कुनाला, साहेब?” मिस्त्री हात पुसत म्हणाले. “धा वर्सं झाली, ब्रेकचं काम ह्याच्यासारख्या कुनी बघितल्याबिगर मी गाडी सोडत न्हाई. तुमचं बाकी काम झ्याक हाय. अंधारात केलं व्हतं?”

सणाचा दिवस म्हणून त्यांनी पैसे बेताचेच घेतले. पत्नीने आईच्या भावासाठी नेलेल्या डब्यातल्या चार करंज्या पोराच्या हातावर ठेवल्या. परतीच्या वाटेवर ती काही बोलली नाही. ‘उजेडात करा म्हटलं होतं,’ एवढेसुद्धा नाही. ती म्हणाली असती तर मला फार बरे वाटले असते.

त्यानंतर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. चष्मा असून असे का झाले, हा माझा प्रश्न. ते म्हणाले, नंबर ही निम्मीच गोष्ट. वयाबरोबर बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही, भिंग पिवळसर होत जाते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेवढा उजेड पोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतल्या माणसाला मिळतो. मी तिथे खुर्चीत बसून हिशोब केला. मोटार घेतली तेव्हा अण्णा अठ्ठावन्न वर्षांचे होते. मी ज्याला चिडखोरपणा समजत होतो, तो माणूस खरोखरच उजेड मागत होता. बॅटरी थोडी जवळ धरायला माझे काय जात होते? हे त्यांना सांगायची सोय आता नाही.

मी मोटारीची कामे सोडली नाहीत. वाटणी केली. जिथे हाताला कळते ते काम माझे. प्लगमधली फट पाऊण मिलिमीटरच्या आसपास ठेवायची असते. फिलर गेजची पट्टी तिच्यातून ओढताना किती अडते ते बोटांना समजते, त्याला डोळा फारसा लागत नाही. तेल, हवेचा फिल्टर, बॅटरीचे पाणी, टायरची हवा, हेही माझेच. ब्रेक आणि स्टिअरिंगची कामे भोरच्या गॅरेजात जातात, आणि तिथेही मी उभा राहतो. चाळिशीनंतर मोटार चालवण्याच्या परवान्याचे नूतनीकरण करायचे तर सरकार डॉक्टरचा दाखला मागते. पाना धरायला कोणी काही मागत नाही. ते आपले आपणच मागून घ्यावे लागते. घरी मी जे काही आवळतो त्यावर मुलगी पाना लावून पाहते, आणि तिची खात्री पटली तर नटावरून पत्र्यापर्यंत खडूची एक रेघ ओढते. नट हलला तर रेघ मोडते. खडू कॉलेजातला आहे, हे प्राचार्यांनी वाचू नये. गेल्या रविवारी तिने माझे दोन नट नापास केले.

आईला त्या घाटात काय झाले ते आम्ही पुष्कळ दिवस सांगितले नव्हते. मुलीने सांगून टाकले. तेव्हापासून मोटारीत बसण्यापूर्वी ती दारापाशी थांबते आणि विचारते, “तो स्क्रू आवळलास ना रे?” कोणता स्क्रू हे तिला माहीत नाही. मी हो म्हटले तरी भागत नाही. नातीने हो म्हणावे लागते. मागल्या महिन्यात ती एकटीच मामाकडे निघाली, म्हणून तिला भोरच्या स्टँडवर स्वारगेटच्या एस.टी.त बसवायला गेलो होतो. पिशवी वर ठेवून मी खाली उतरलो, तर ती ड्रायव्हरच्या जाळीपाशी वाकून उभी होती, आणि तो बिचारा मान वर करून म्हणत होता, “कुठला स्क्रू, आजी?”