रक्त तपासण्याआधी गोळ्यांची पिशवी उघडा

माझा धाकटा भाऊ ठाण्याला असतो. वय ७१. ऐन पंचविशीत त्याला स्किझोफ्रेनिया झाला, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. तरी शुक्रवारचा किद्दुश तो पुस्तक न उघडता म्हणायचा. मी मुलीकडे बॉथेलला असते. ठाण्यात शब्बाथचे दिवे लागतात तेव्हा इथे पहाट असते, आणि मी फोनवर ऐकते. गेल्या वर्षी तो मध्येच अडकला. पुढच्या शुक्रवारीही तिथेच अडकला. भाच्याने डॉक्टरांना दाखवले, तर उत्तर मिळाले, "जुना आजार आहे, आता असंच चालायचं."

या उत्तराशी माझे भांडण आहे.

अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या नोंदींवरून २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वयाच्या ६६ व्या वर्षी स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी जवळजवळ २८ टक्क्यांच्या नावापुढे डिमेन्शियाचे निदान होते. इतरांत ते १.३ टक्के. आकडा वाचून पोटात गोळा आला. पण नोंद म्हणजे कुणीतरी कागदावर लिहिलेले निदान. १९९८ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या १०० वृद्धांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. त्यांतल्या अनेकांची स्मृती अखेरीस फार खालावलेली होती, पण अल्झायमरच्या खुणा इतरांपेक्षा जास्त सापडल्या नाहीत. मग त्यांची स्मृती नेली कुणी?

आता याचा थोडासा शोध रक्तातून घेता येतो. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड साचते आणि टाऊ नावाचे प्रथिन बिघडते. त्याचा अंश रक्तात उतरतो, त्याला पी-टाऊ २१७ म्हणतात. हे आणि अमायलॉइड यांचे प्रमाण मोजणाऱ्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये परवानगी दिली. ती ५५ वर्षांवरच्या, विसरभोळेपणाची लक्षणे दिसणाऱ्या माणसांसाठी आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. न्यूरोफिलामेंट लाइट हे दुसरे प्रथिन मज्जातंतूंची झीज दाखवते, पण झीज कशाने झाली ते सांगत नाही. मूत्रपिंड मंदावले असेल तर दोन्हींचे आकडे वाढून दिसू शकतात. आपल्या घरोघरी मधुमेह आणि रक्तदाब आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आकड्याला भुलू नये हे मी याच गावात शिकले. बॉथेलमध्ये अथिरा फार्मा ही कंपनी अल्झायमरवर रोज टोचायचे एक औषध तपासत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल आला. रक्तातली काही प्रथिने बऱ्या दिशेला झुकली होती, पण २६ आठवड्यांनी रुग्णांच्या स्मृतीत आणि रोजच्या व्यवहारात ठरवलेला फरक पडला नव्हता. रक्त सुधारले म्हणून माणूस सुधारतोच असे नाही.

शिवाय अशा चाचण्यांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना बहुधा घेतच नाहीत. माझ्या मते हा अन्याय आहे. ज्यांना धोका अधिक, त्यांच्याविषयीच माहिती कमी. तरीही भावाची रक्तचाचणी व्हावी असे मला वाटते. अल्झायमर नाही असे निघाले तर "असंच चालायचं" म्हणायला कुणाला जागा उरणार नाही, दुसरे कारण शोधावेच लागेल. आहे असे निघाले तर इतर म्हाताऱ्यांना मिळतो तो उपचार त्यालाही मागता येईल.

पण त्याआधी मी भाच्याला गोळ्यांची पिशवी कॅमेऱ्यासमोर ओतायला लावली. त्यात ट्रायहेक्सिफेनिडिल निघाली. मानसिक आजाराच्या औषधांनी हात कापू नयेत, अंग आखडू नये म्हणून ही देतात. ती मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या रसायनाचे काम अडवते, आणि स्मृतीला तेच रसायन लागते. गंमत बघा, अल्झायमरसाठी देतात ती डोनेपेझिल हेच रसायन टिकवून धरते. एका हाताने द्यायचे नि दुसऱ्याने काढून घ्यायचे! झोपेच्या, लघवीच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांचाही असाच परिणाम होतो. भावाला ही गोळी तरुणपणी सुरू झाली, आणि अजून लागते का, हे पुढे कुणी विचारलेच नाही.

मात्र वाचकहो, हे वाचून घरच्या कुणाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती एकदम सोडली तर त्रास होतो, आणि मूळ आजाराची औषधे सोडली तर आजार उलटतो. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून मानसोपचारतज्ज्ञांसमोर ठेवा आणि एकेकीवर बोट ठेवून विचारा, "ही अजून कशासाठी?" त्याबरोबर बी-१२, थायरॉइड, साखर आणि कानांची तपासणीही करून घ्या. ऐकूच आले नाही तर लक्षात काय राहणार?

भावाच्या नव्या डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू कमी करायला घेतली आहे. रक्तचाचणीचे त्यानंतर बघू म्हणाल्या. गेल्या शुक्रवारी तो पुन्हा त्याच जागी अडकला. पण या वेळी त्याने हात वर करून भाच्याला गप्प केले, आणि म्हणाला, "थांब, सांगू नकोस."